व्हिसासाठी बोटांचे ठसे : अपॉइंटमेंट घेण्यापूर्वी

व्हिसाच्या अर्जासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतील का, हे कोणत्या देशाकडे अर्ज करायचा आहे त्यावर आणि अर्जदाराच्या वयावर अवलंबून असते, म्हणून अपॉइंटमेंट घेण्याआधीच त्या देशाचा नियम वाचून घ्यावा. अमेरिका आणि कॅनडा साधारणपणे 14 ते 79 वर्षे वयाच्या अर्जदारांचे ठसे घेतात. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी, 12 वर्षांखालील मुलांना सूट आहे. ब्रिटनमध्ये मात्र 5 वर्षांखालील मुलांचेच ठसे घेतले जात नाहीत, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलालाही व्हिसा अर्ज केंद्रावर न्यावे लागते.

पूर्वी ठसे दिले असतील तर तारीख शोधणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. शेंगेन देशांच्या सामाईक प्रणालीतील ठसे 59 महिन्यांच्या आत केलेल्या नव्या अर्जासाठी पुन्हा वापरता येतात, मग आधीचा अर्ज फ्रान्सकडे आणि आताचा इटलीकडे असला तरी चालते. हे महिने ठसे नोंदवल्यापासून नव्या अर्जाच्या तारखेपर्यंत मोजतात. व्हिसा कधी संपला याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि बहुतेकांची गफलत नेमकी इथेच होते. अर्जात याविषयी प्रश्न असतो. तेथे तारीख आणि जुन्या व्हिसाचा क्रमांक लिहावा. ठशांचा दर्जा किंवा अर्जदाराची ओळख याबद्दल शंका आली, तर मुदतीच्या आतही ते पुन्हा मागितले जाऊ शकतात. कॅनडाच्या अभ्यागत व्हिसासाठी दिलेले ठसे 10 वर्षे चालतात; प्रथम देताना एका व्यक्तीस 85 कॅनेडियन डॉलर शुल्क पडते आणि सूचनापत्र मिळाल्यावर सहसा 30 दिवसांत केंद्रावर जावे लागते.

ठसे स्वतः जाऊनच द्यावे लागतात. एजंट अर्ज भरून देईल, पण बोटे तुमचीच लागतात. शाई लावत नाहीत. काचेच्या स्कॅनरवर आधी एका हाताची चार बोटे, मग दुसऱ्या हाताची चार आणि शेवटी दोन्ही अंगठे ठेवायचे असतात, आणि एवढे काम काही मिनिटांत आटोपते. बोटाला ताजी जखम किंवा पट्टी असेल, तर शक्य असल्यास अपॉइंटमेंट पुढे ढकलावी. कोरड्या किंवा कष्टाच्या कामाने झिजलेल्या त्वचेचे ठसे अस्पष्ट येतात. आधीचे काही दिवस हातांना मलम लावल्यास फरक पडतो, मात्र केंद्रावर जाताना हात स्वच्छ आणि कोरडे असावेत. एखादे बोटच नसेल, तर उरलेल्या बोटांचे ठसे घेतले जातात.