अर्ध्या अश्वशक्तीची पाण्याची मोटार इन्व्हर्टरवर कशी चालवावी

गंगापूर धरणातून येणारे महापालिकेचे पाणी नाशिकच्या बहुतेक वस्त्यांत ठरावीक वेळीच येते, ते घराखालच्या टाकीत साठते आणि तिथून गच्चीवरच्या टाकीत चढवण्यासाठी मोटार लावावी लागते. जूनमधल्या वादळी पावसात वीज गेली की दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर चालू राहतात, पण नळाला पाणी नसते. सिडकोतील माझ्या भावाच्या घरी अशाच एका सकाळी आम्ही ९०० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर; इन्व्हर्टरची क्षमता यात सांगतात) इन्व्हर्टरला अर्ध्या अश्वशक्तीची मोटार जोडून पाहिली. मोटार नुसती गुरगुरली, फिरली नाही, आणि दोन-तीन सेकंदांत ओव्हरलोडचा लाल दिवा लागला. अर्धी अश्वशक्ती म्हणजे ३७३ वॅट, तेव्हा ९०० व्हीए पुरून उरतील, असा आमचा समज होता, आणि तो दोन ठिकाणी चुकत होता.

पहिली चूक अशी की ३७३ वॅट ही मोटारीच्या दांड्यावर मिळणारी शक्ती आहे. लहान मोटारीत विजेचा बराच भाग उष्णतेत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात ती सहाशे-साडेसहाशे वॅट ओढते. भावाच्या मोटारीचा चालू प्रवाह ३.२ अँपिअर भरला, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ७४० व्हीए. दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. थांबलेली मोटार फिरू लागेपर्यंत नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. पाच पट धरले तरी १६ अँपिअर, म्हणजे साडेतीन हजार व्हीएहून अधिक. हा झटका सेकंदभरच टिकतो, पण तो पेलता आला नाही तर मोटार सुरूच होत नाही. इन्व्हर्टर काही क्षण आपल्या क्षमतेहून जास्त भार पेलू शकतो, म्हणून तो निवडताना चालू भाराच्या अडीच ते तीन पट क्षमता धरावी. आमच्या मोटारीसाठी ती साधारण दोन ते सव्वादोन केव्हीए (हजार व्हीए) होते.

खरेदीला निघण्यापूर्वी वायरमनकडून क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजून घ्यावा. मीटरचा चिमटा फक्त फेजच्या वायरभोवती ठेवावा, कारण फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडल्यास मीटर शून्य दाखवतो. साध्या मीटरला सुरुवातीचा झटका पकडता येत नाही, म्हणून तो वरच्या पटीने काढावा. त्याच वेळी मोटारही तपासावी. कपॅसिटर (मोटारीला सुरू होण्यास मदत करणारा भाग) अशक्त झाला असेल किंवा पंपातील पंखा गाळाने अडकला असेल, तर मोटार महावितरणच्या विजेवरही जड सुरू होते, मग इन्व्हर्टरवर ती सुरू होण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. कपॅसिटर बदलताना तितक्याच मायक्रोफॅरडचा घ्यावा.

महात्मा गांधी रस्त्यावर किंवा मेन रोडवर इन्व्हर्टर पाहताना ‘प्युअर साइन वेव्ह’ (महावितरणच्या विजेसारखी सलग लाटेची वीज) हा शब्द आग्रहाने विचारावा. स्क्वेअर वेव्हच्या, म्हणजे चौकोनी लाटेच्या, यंत्रावर मोटार घूं-घूं आवाज करते, जास्त तापते आणि तिच्या कपॅसिटरवर ताण येतो. थोडे पैसे वाचवण्यासाठी ही तडजोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रेत्याला आणखी एक प्रश्न विचारावा: यंत्र दुप्पट भार किती सेकंद सहन करते? याचे उत्तर माहितीपत्रकात लेखी असावे.

आता बॅटरी. इन्व्हर्टरमधील तूट धरून आपली मोटार बॅटरीकडून सुमारे ७३५ वॅट मागते, म्हणजे १२ व्होल्टला ६१ अँपिअर आणि २४ व्होल्टला ३१. सुरुवातीच्या क्षणी १२ व्होल्टच्या बाजूला हा प्रवाह २०० अँपिअरच्या घरात जातो, बॅटरीचे व्होल्टेज कोसळते आणि पूर्ण चार्ज असूनही यंत्र ‘बॅटरी लो’ म्हणून बंद पडते. यासाठी १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतील साठा) दोन ट्यूब्युलर (नळीदार प्लेटच्या) बॅटऱ्या मालिकेत, म्हणजे एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला, जोडून २४ व्होल्टची व्यवस्था करणे मला योग्य वाटते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनीला नवी जोडल्यास जुनी नवीलाही खाली ओढते. बॅटरीवर छापलेले १५० एएच वीस तासांच्या सावकाश वापराचे असतात, जोरात ओढल्यास त्याहून कमी मिळतात, आणि निम्म्याच्या खाली बॅटरी उतरवणे टाळावे. तरीही हजार लिटरची टाकी भरायला अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि तेवढे काम ही जोडी सहज करते.

वायरकडे दुर्लक्ष केल्यास वरचे सर्व व्यर्थ जाते. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांत दोन मीटर अंतर असेल आणि १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली, तर २०० अँपिअरला जाता-येता जवळपास दीड व्होल्ट वायरीतच हरवतात. २५ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी, ती शक्य तितकी आखूड ठेवावी, टोकांना लग (धातूच्या कड्या) दाबून बसवावेत, आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच योग्य क्षमतेचा डीसी फ्यूज लावावा.

इन्व्हर्टरचे आउटपुट दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरने घराच्या सॉकेटमध्ये कधीही सोडू नये. तसे केल्यास वीज उलटी बाहेरच्या तारेत जाऊ शकते आणि खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतते. मोटारीसाठी स्वतंत्र लाईन, चेंजओव्हर स्विच (एका वेळी महावितरण किंवा इन्व्हर्टर यांपैकी एकच जोडणारा), अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) हे सर्व परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. बॅटऱ्या हवेशीर जागी ठेवाव्यात, कारण चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो. जोडणीपूर्वी हातातील अंगठी आणि कडे काढावे, आणि बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढावे.

पहिल्या चाचणीत घरातील पंखे व फ्रिज बंद ठेवून फक्त मोटार सुरू करावी. दोन-तीन सेकंदांत वेग आला नाही तर लगेच बंद करावी. गुरगुरत ठेवल्यास वाइंडिंग (आतील तारेची गुंडाळी) जळते. दहा मिनिटांनी मोटार बंद करून वायरीच्या टोकांजवळच्या आवरणाला हात लावून पाहावा. एखादे टोक गरम लागले, तर तिथली पकड ढिली आहे.

मिक्सरला ही अडचण कमी येते, कारण त्यातील मोटार वेगळ्या प्रकारची असते आणि तो काही मिनिटेच चालतो. साध्या कॉम्प्रेसरचा फ्रिज चालताना शंभर-दीडशे वॅट घेतो, पण प्रत्येक वेळी सुरू होताना झटका देतो. वीज गेल्यावर तो लगेच पुन्हा सुरू न करता तीन ते पाच मिनिटे थांबावे, म्हणजे आतील वायूचा दाब समान होतो.

नाशिकच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो आणि बॅटरीचे पाणी लवकर आटते, म्हणून मार्च ते जून दर महिन्याला पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या गॅलरीत बॅटरी ठेवली असेल, तर ती आधी जिन्याखाली, हवा खेळती असेल अशा जागी, हलवावी.