जीडीबीची स्क्रिप्ट लिहिताय? स्पेस सांभाळा

यवतमाळ-वाशीमकडच्या गावात बसून सी शिकणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. ब्रेकपॉइंट लावणं, स्टेप करणं तुम्हाला येतंच, त्यामुळे ते सोडून देतो. जीडीबी म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून चूक शोधायचं साधन, डिबगर. त्याला नेट लागत नाही, लाइन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो, म्हणून आपल्याकडे सोयीचा. पण स्वतःच्या कमांड्स स्क्रिप्टमध्ये लिहायला लागलात की स्पेस मानगूट धरते.

समजा, कापसाच्या काट्याचा प्रोग्राम आहे. जीडीबीच्या ‘डिफाइन’नं ‘दाखव’ नावाची स्वतःची कमांड केली. आत एकच ओळ: प्रिंट, अन् पुढे डॉलर-आर्ग-शून्य ($arg0), म्हणजे कमांडच्या नावानंतर दिलेला पहिला आर्ग्युमेंट. मग टाइप केलं, ‘दाखव वजन - बारदान’. वजन ५२, बारदान २. यायला पाहिजे ५०, येतात ५२. एरर नाही, काही नाही! कारण ‘डिफाइन’नं केलेल्या कमांडचे आर्ग्युमेंट जीडीबी स्पेसवर तोडतो. ‘वजन’ पहिला, वजाचं चिन्ह दुसरा, ‘बारदान’ तिसरा. आपण पहिलाच मागितला, बाकीचे दोन त्यानं गुपचूप सोडून दिले. अन् माणूस प्रोग्राममधली वजाबाकी उसवत बसतो, जी मुळात बरोबरच असते. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

कंस घालून भागत नाही, कारण तोडताना तो कंसाकडे पाहतच नाही. पहिला तुकडा ‘(वजन’ एवढाच उरतो. निदान सिंटॅक्स एरर तरी येतो, तेवढंच बरं. दुहेरी अवतरणचिन्हांत घातलं तर तुकडे पडत नाहीत, पण चिन्हांसकट मजकूर आत जातो अन् प्रिंट ते अख्खं वाक्यच छापून मोकळा होतो.

घाबरू नका, उपाय साधा आहे. स्पेस न देता ‘वजन-बारदान’ लिहा. ‘स्ट्रक्ट नोड’सारख्या दोन शब्दांच्या टाइपच्या नावात मधली स्पेस काढताच येत नाही. तिथे आधी ‘सेट’नं डॉलरवाल्या व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवा अन् कमांडला ते नाव द्या. शंका आली की ‘सेट ट्रेस-कमांड्स ऑन’ करा. प्रत्येक कमांड चालताना सुरुवातीला अधिकचं चिन्ह लावून छापली जाते, अन् ‘प्रिंट वजन’ एवढंच उरलंय हे डोळ्यांनी दिसतं.

“जीडीबीची कमांड पायथॉनमध्येच लिही ना बे” म्हणणारे दादा भेटतील. तिथे आर्ग्युमेंट अखंड स्ट्रिंग म्हणून येतं हे खरं, पण तुकडे हवे असतील तर ते पाडायचं काम मग तुमच्याकडेच. व्हॉट्सअ‍ॅपवर तयार स्क्रिप्ट टाकणाऱ्या सीनियरपेक्षा शेजारी बसून एक ओळ चालवून दाखवणारा कधीही बरा, हे माझं पक्कं मत.

ओळीच्या सुरुवातीची इंडेंट किंवा मधली रिकामी ओळ, याची मात्र चिंता नको. स्क्रिप्टमध्ये जीडीबी ते मनावर घेत नाही. पीडीएफमधून कॉपी केलेल्या ओळीत कधी कधी नॉन-ब्रेकिंग स्पेस येते, ती दिसते अगदी साध्या स्पेससारखी, अन् जीडीबी ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणतो. तेव्हा ओळीकडे टक लावून बघत बसू नका, पुसा अन् हातानं टाइप करा.