पाण्यातला ऑक्सिजन कसा संपतो ते घरीच बघा

नदीत मासे मेले की सगळे म्हणतात कुणीतरी विष सोडलं. सोडलेलं असतंही कधी कधी, पण बऱ्याचदा मासे चक्क गुदमरून मेलेले असतात आणि त्याला साधं सांडपाणीही पुरतं. दोन बाटल्यांत दिसतं हे.

आधी एक-एक लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या आणि तळ्याचं किंवा नदीचं पाणी भरा, नळाचं नको कारण त्यात क्लोरीन असतं आणि आपल्याला तर जिवाणू जिवंत हवेत. एका बाटलीत पाव चमचा दूध टाका, म्हणजे साधारण 1 मिली; हेच आपलं सांडपाणी, जिवाणू ते कुजवताना ऑक्सिजन खातात. मग दोन्हीत मेथिलिन ब्लूचे दोन-तीन थेंब, हा निळा रंग पाण्यातला ऑक्सिजन संपला की उडतो, ॲक्वेरियमवाल्यांकडे मिळतं (हात निळे होतात, आणि लवकर जात नाहीत). आता काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, आत एकही बुडबुडा नको, नेमकी इथेच चूक होते. बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवा, उजेडात शेवाळ ऑक्सिजन बनवत बसतं आणि सगळा प्रयोग बोंबलतो.

अधूनमधून डोकावत राहा. दुधाच्या बाटलीतला निळा आधी उडतो, म्हणजे तिथला ऑक्सिजन संपला. थोडं पाणी बाहेर ओतून बाटली जोरात हलवा, हवा मिसळली की निळा परत! मला अजूनही भारी वाटतं ते.

हिशोब असा, की 25 अंशाला लिटरभर पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम 8 मिलिग्रॅम आणि तेवढं 1 मिली दूध कुजवायला जिवाणूंना लागतो 100 मिलिग्रॅमच्या आसपास. मग पुरणार कसा? लॅबवाले असंच पाणी 20 अंशाला 5 दिवस अंधारात ठेवून किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजतात, तीच बीओडी, म्हणजे बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड.

खऱ्या तळ्यावर मोजायचं तर डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मोजायचं टेस्ट किट घ्या आणि उजाडायच्या आधी जा. दुपारी जाऊन उपयोग नाही, कारण हिरव्यागार तळ्यात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ओढून घेतं, त्यामुळे दुपारचं रीडिंग मस्त येतं आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून धापा टाकत असतात. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर बहुतेक माशांचं ठीक चालतं, 2 च्या खाली गेलं की फार थोडे तगतात.

किट नसेल तर काठाचा मूठभर चिखल ताटलीत पसरून बघा. नुसत्या लाल अळ्याच वळवळताना दिसल्या तर समजा की ऑक्सिजनची बोंब आहे, त्यांच्या अंगात आपल्यासारखंच ऑक्सिजन धरून ठेवणारं हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या तिथेही निवांत.