गव्हाच्या पेरणीयंत्राने गवत पेरताना

ग्वाल्हेरकडे मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या अखेरीस पोहोचतो आणि पहिला चांगला पाऊस झाला की बाजरी, तीळ, सोयाबीन करणारा प्रत्येक जण त्याच चार-दोन पेरणीयंत्रांच्या मागे लागतो. त्या गर्दीत कुरणासाठी यंत्र मागणाऱ्याचा क्रमांक हटकून शेवटी लागतो. म्हणून ज्यांना यंदा पडीक तुकड्यावर किंवा बीहडाच्या, म्हणजे पावसाने कापलेल्या घळींच्या जमिनीच्या, कडेच्या हलक्या मातीत अंजन, धामण अथवा दीनानाथ गवत लावायचे आहे, त्यांनी कस्टम हायरिंग सेंटरकडे (अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्राकडे) वा गावातील ट्रॅक्टरमालकाकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच बोलणी करून ठेवावीत.

भाडे तासावर आहे की बिघ्यावर, डिझेल व चालक कोणाचा, आणि पावसाने काम मध्येच थांबले तर खाडा कोणी सोसायचा, हे कागदावर लिहून घ्यावे. बिघ्यावर ठरत असेल तर बिघा किती चौरस फुटांचा धरला आहे हेही विचारावे, कारण हे माप सगळीकडे एकसारखे नाही. यंत्र ताब्यात घेताना आणि परत करताना फण, नळ्या व चाके यांची छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवली, तर नंतरचा वाद टळतो. बियाण्याची पेटी रिकामी करून झाडून घ्यायला मात्र विसरू नये. आधीच्या शेतातील तणाचे बी पेटीच्या कोपऱ्यात आणि फणाला चिकटलेल्या मातीत राहते. पिकात ते खुरपून निघते, पण कुरणात एकदा गाजर गवत शिरले की पुढे अनेक वर्षे उपटत बसावे लागते.

खरी अडचण यापुढे येते. भाड्याने मिळणारे यंत्र गहू आणि सोयाबीनसाठी बनलेले असते, तर अंजनाचे बी हलके, केसाळ आणि एकमेकांत गुंतणारे असते. पहिल्या वर्षी आम्ही ते तसेच पेटीत ओतले. दोन फेऱ्या झाल्या तरी पेटी भरलेलीच दिसत होती आणि बी पुरवठ्याला येणार म्हणून आम्ही खूश होतो. प्रत्यक्षात पेटीच्या तळाशी बी मोजून सोडणाऱ्या रोलरवर बियाण्याचा पूल बांधला गेला होता आणि नळ्यांतून काहीच उतरत नव्हते. तेव्हापासून आम्ही बी गोणपाटावर घासून त्याचे केस काढतो आणि हेक्टरी 5 किलो बियाण्यात 20 किलो कोरडे, बारीक चाळलेले शेणखत मिसळतो. वाळूही चालते, पण तिने रोलर झिजतात आणि यंत्र आपले नसते. बी ताज्या काढणीचे नसावे. अंजनाचे ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत असल्याने नीट उगवत नाही, गेल्या वर्षीचे घ्यावे. झाशीच्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेने या भागासाठी बुंदेल अंजन-1 आणि बुंदेल अंजन-3 हे वाण दिले आहेत.

शेतात जाण्यापूर्वी अंगणातच यंत्राची चाचणी घ्यावी. समजा, 20 सेंटीमीटर अंतरावर 9 फण आहेत, म्हणजे यंत्राची रुंदी 1.8 मीटर झाली. गवताच्या ओळींत 60 सेंटीमीटर अंतर हवे असेल तर दुसरा, पाचवा आणि आठवा फण चालू ठेवून बाकीच्यांची बी सोडणारी तोंडे बंद करावीत. पहिला, चौथा, सातवा असे ठेवल्यास परतीच्या फेरीत ओळींचे अंतर बिघडते. नंतर यंत्र भक्कम ठोकळ्यांवर टेकवून चालक चाक, म्हणजे ज्याच्या फिरण्याने रोलर फिरतात ते चाक, उचलून धरावे आणि चाकाचा परीघ मोजावा. तो 1.5 मीटर भरला तर हाताने 37 फेरे फिरवल्यावर 100 चौरस मीटरचे, म्हणजे हेक्टरच्या शंभराव्या भागाचे मिश्रण पडते. वरच्या प्रमाणानुसार तीन नळ्यांखालच्या पिशव्यांत मिळून 250 ग्रॅम, प्रत्येकीत साधारण 83 ग्रॅम यायला हवे. एखादी पिशवी फार हलकी निघाली तर त्या नळीत काहीतरी अडकले आहे असे समजावे.

गव्हासाठी लावलेली पाच सेंटीमीटरची खोली गवताला मारक ठरते. बी एक सेंटीमीटरच्या खाली जाऊ नये. चालक सवयीने फण दाबतो, त्याला हे दोनदा सांगावे लागते. फण तेवढे उचलले जात नसतील तर नळ्या फणांतून सोडवून मागे मोकळ्या लोंबत ठेवाव्यात आणि यंत्रामागे बाभळीची फांदी ओढावी. माती पुरेशी सरकते.

चालत्या यंत्रावर उभे राहून बी ढवळायला माणूस, आणि बहुधा घरातील बाई किंवा पोर, बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडावी. ढवळायचे असेल तेव्हा ट्रॅक्टर थांबवून, यंत्र जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी, आणि तुंबलेली नळीही तेव्हाच मोकळी करावी. आधी रोटाव्हेटर फिरवणार असाल किंवा पंख्याचे बी-फेकणी यंत्र जोडणार असाल, तर पी.टी.ओ. शाफ्टवरचे (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्यावरचे) आवरण शाबूत असल्याशिवाय यंत्र घेऊ नये. मिनिटाला 540 फेऱ्यांचा शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. त्यात गेलेला गमछा किंवा पदर सोडवायला माणसाला वेळच मिळत नाही. बियाण्याला बुरशीनाशक चोळले असेल तर हातमोजे घालावेत आणि उरलेले बी गुरांच्या खाद्यात जाऊ देऊ नये.

बीहडाच्या कडेला ट्रॅक्टर नेताना घळ जितकी खोल, निदान तितके अंतर कडेपासून राखावे, कारण पावसाने आतून पोखरलेली माती वरून कोरडी व घट्ट दिसते. तेवढ्या पट्ट्यात बी हाताने फेकावे.

पहिल्या हंगामात गुरे आत सोडू नयेत. गवताने मूळ धरल्यावर एकदा विळ्याने कापणी करून चारा बाहेर काढावा.