फुटबॉलचा गेम खेळणारी पोरं आणि आपण: या चुका टाळा

"फोन ठेव, ताट वाढलंय." आमच्या घरातली निम्मी भांडणं या वाक्यावरून व्हायची. पोरगा ओरडायचा, "थांब की मम्मी, ऑनलाइन आहे!" मला वाटायचं, बहाणा. एकदा हातातून फोन ओढला, तर पठ्ठ्या जेवलाच नाही. शेंगा भाजी आणि कडक भाकरी तशीच ताटात.

नंतर समजलं, पलीकडे खरा माणूस खेळत असतो. मध्येच सोडलं की हार पदरात. आता मी विचारते, "कितवं मिनिट?" पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ नव्वदपर्यंत पळतं, प्रत्यक्षात पाव तासाच्या आतबाहेर मॅच आटोपते. ऐंशी म्हणाला की ताट घ्यायचं. वेळही मिनिटांत नाही, मॅचमध्ये ठरवा: दोन मॅच, मग अभ्यास. बाद फेरीच्या सामन्यात जादा वेळ आणि पेनल्टी निघू शकते, तेवढं सोडून द्या.

दुसरी चूक महागात पडते: "गेम फुकटच आहे ना!" ई-फुटबॉल हा गेम फुकट उतरवता येतो, पण आत गेममधली नाणी विकत मिळतात. ईए कंपनीच्या ईए स्पोर्ट्स एफसी गेममध्ये (2023 पर्यंतचा फिफा) खेळाडूंचे पॅक असतात. पैसे आधी भरायचे, कोणता खेळाडू निघेल ते पॅक फोडल्यावर कळणार. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला रिंग टाकायचा स्टॉल आठवा. तिथं निदान बक्षीस समोर दिसतं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये असल्या पॅकना जुगार ठरवलं आणि पुढच्या जानेवारीत ईएला तिथं पॅक घेण्यासाठीचे पॉइंट विकणं थांबवावं लागलं.

म्हणून प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा आणि यूपीआयचा पिन पोरांसमोर दाबू नका. पैसे गेलेच, तर आधी पोराला बडवत बसू नका. गूगल प्लेवर 48 तासांच्या आत परताव्याची विनंती टाका, मग काय ते बोला.

अनोळखी माणसाशी चॅट बंदच ठेवा. यावर चर्चा नको.

आणि मे महिन्यात "नेट गंडलंय" ही तक्रार आली तर लगेच रिचार्ज मारू नका. सोलापुरात पारा चाळिशीपार, फोन चार्जिंगला, वर जाड कव्हर, खाली गादी. तापलेला फोन स्वतःच वेग कमी करतो आणि खेळाडू अडखळत पळतात. चार्जर काढा, कव्हर काढा, पंख्याखाली फरशीवर दहा मिनिटं ठेवा. फ्रिजमध्ये नको. आमच्या जाऊबाईंनी ठेवला होता, आत पाणी धरलं.