शास्त्रीय संगीताच्या पॉडकास्टमधून तानपुरा कुठे जातो? या चुका टाळा

पॉडकास्टची बहुतेक साधने माणसाचे बोलणे स्वच्छ ऐकू यावे एवढ्याच हेतूने घडवलेली असतात, आणि शास्त्रीय संगीतावरच्या भागांतले पुष्कळसे दोष त्यातूनच निर्माण होतात. सर्वांत मोठा फटका तानपुऱ्याला बसतो. नॉइज रिडक्शन, म्हणजे नको असलेला आवाज काढून टाकणारी सोय, पंख्याची घरघर ओळखते ती सलग, न बदलणारा आवाज म्हणून, आणि तानपुऱ्याचा नादही तसाच अखंड असतो. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मुलाखत सुरू असताना तानपुरा काही क्षणांत विरतो आणि गायकाने लावलेला दीर्घ षड्जसुद्धा मधेच तुटतो. मिरजेचे कारागीर तारांखालची घोडी घासून जी जवारी, म्हणजे तारांची गुंजन देणारी झणकार, काढतात, तिच्यामुळे खुलणारा स्वयंभू गंधार (तारेतून आपोआप उमटणारा ‘ग’) तर आधीच नाहीसा झालेला असतो. गेलेला नाद संपादनात परत आणता येत नाही.

म्हणून झूमवर बोलत असाल तर आवाज मूळ स्वरूपात पाठवणारा ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय पाहुण्यालाच सुरू करायला सांगावा, कारण तो ज्याच्या बाजूने आवाज जातो तिथे लागू होतो. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पाहुण्याने आपल्याकडेच वेगळे रेकॉर्डिंग करून ती फाइल पाठवणे. सुरुवातीला दोघांनी एकेक टाळी वाजवली, की दोन्ही फाइली जुळवणे सोपे जाते. पंखा मात्र प्रत्यक्षच बंद करावा.

दुसरी चूक आवाजाची पातळी आपोआप सारखी करणाऱ्या सोयीची. तिच्यामुळे विलंबित आलापातला हळुवार स्वर आणि द्रुत तान एकाच उंचीवर येतात, म्हणजे गायकाने जाणीवपूर्वक केलेली चढउतार पुसली जाते. निवेदन आणि गायन वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवून ही सोय फक्त निवेदनाला लावावी आणि शेवटी संपूर्ण भाग उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) आसपास आणावा. निर्यात करताना ६४ केबीपीएस (दर सेकंदाला साठवल्या जाणाऱ्या माहितीचे माप) मोनो बोलण्याला चालते, गाण्याला किमान १२८ केबीपीएस स्टीरिओ ठेवावे.

जुन्या ध्वनिमुद्रिका वाजवताना अधिक काळजी घ्यावी लागते. भारतात १९०२ साली कोलकात्यात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले, पण त्या काळी तबकड्यांचा वेग सर्वत्र मिनिटाला नेमका ७८ फेऱ्या नसे. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० वर फिरवली, तर काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या जवळपास मधोमध जातो. अशा फाइलवरून एखाद्या गायकाची पट्टी किंवा लय ठरवून मोकळे होणे हा त्या कलावंतावर अन्याय आहे. त्याच मुद्रिकेच्या दोन-तीन प्रती पडताळून पाहाव्यात. शिवाय भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि बंदिशीच्या रचनाकाराचा हक्क त्याहून वेगळा असतो, हे भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी तपासावे.