ऑन्टारिओत पीआरची वाट पाहताना ओहिप कसं मिळवायचं

लग्न होऊन ऑन्टारिओत आलेल्या अनेकांना वाटतं की नवरा किंवा बायको कॅनडाची नागरिक आहे, म्हणजे आपल्यालाही ओहिप, म्हणजे ऑन्टारिओ प्रांताचा सरकारी आरोग्यविमा, मिळणारच. तसं होत नाही. नागरिकाशी लग्न झालं म्हणून पात्रता येत नाही. उलट वर्क परमिटवर पूर्णवेळ नोकरी करणारा माणूस पात्र ठरला, की त्याच्या जोडीदाराला आणि २२ वर्षांखालच्या मुलांना त्याच्याबरोबर ओहिप मिळतं. हा नियम अन्यायाचा आहे असं आमचं स्पष्ट मत आहे, पण काउंटरवरच्या माणसाशी त्यावरून वाद घालून कार्ड मिळत नाही.

तीन महिने थांबावं लागतं, असं जुनी मंडळी अजूनही सांगतात. ती अट १९ मार्च २०२० रोजी रद्द झाली. ब्रिटिश कोलंबियात किंवा क्वेबेकमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांचा अनुभवही इथे धरू नका, कारण आरोग्यविमा प्रत्येक प्रांताचा वेगळा असतो.

आता मुख्य मुद्दा. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा, हातात नसताना ओहिपकडे जाणारे दोन रस्ते आहेत. ज्या रस्त्याची कागदपत्रं आधी तयार होतील, त्याने जा.

पहिला रस्ता पीआरच्या अर्जाचा. पीआर मंजूर झालेला असण्याची गरज नाही. मात्र अर्ज करण्याची तुमची पात्रता आयआरसीसीने, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने, मान्य केलेली हवी आणि अर्ज नाकारलेला नसावा. बहुतेक जण इथेच अडकतात. अर्ज पोहोचल्याची पोच म्हणजे एओआर. ‘तुमचा अर्ज मिळाला’ एवढंच त्यात लिहिलेलं असतं, पात्रतेबद्दल काही नसतं, म्हणून तेवढ्यावर काउंटरवरून परत पाठवतात. स्पॉन्सर, म्हणजे तुम्हाला पुरस्कृत करणारा जोडीदार, मंजूर झाल्याचं पत्र मुळात स्पॉन्सरबद्दल असतं, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर जाऊ नका. आयआरसीसीचं पत्र छापण्याआधी तीन गोष्टी बघा: नाव तुमचं आहे का, अर्ज क्रमांक आणि यूसीआय क्रमांक (आयआरसीसीने तुम्हाला दिलेला ओळख क्रमांक) आहे का, आणि पीआरच्या अर्जासाठी तुम्ही पात्रतेच्या अटी पूर्ण करता असं वाक्य आहे का. तिसरी गोष्ट नसेल, तर आयआरसीसीच्या वेबफॉर्मवरून तेवढीच मागणी करा: आरोग्यविम्यासाठी पात्रता-पुष्टीचं पत्र हवं आहे. एका फॉर्ममध्ये चार प्रश्न कोंबले, तर साचेबंद उत्तर येतं. तेही आलं, तर तुमच्या मतदारसंघातल्या खासदाराच्या कार्यालयात जा. इमिग्रेशनच्या चौकशा करणं हे तिथल्या कर्मचाऱ्यांचं रोजचं काम आहे.

दुसरा रस्ता वर्क परमिटचा. कॅनडात राहून स्पॉन्सरशिपचा अर्ज करणाऱ्यांना अनेकदा पात्रतेच्या पत्राआधी ओपन वर्क परमिट, म्हणजे एकाच मालकाशी न बांधलेला कामाचा परवाना, मिळतं. परमिट वैध असेल आणि ऑन्टारिओतल्या मालकाकडे सलग किमान सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी असेल, तर पीआरचं काय चाललं आहे हा प्रश्नच उरत नाही. मालकाचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी घ्या. त्यात तुमचं पूर्ण नाव, पद, रुजू झाल्याची तारीख, काम पूर्णवेळ असल्याचा आणि किमान सहा महिने चालणार असल्याचा उल्लेख हवा. ‘हे आमच्याकडे काम करतात’ एवढ्या पत्राने भागत नाही. एचआरला मसुदा तुम्हीच लिहून द्या, म्हणजे यातलं काही सुटणार नाही.

ओहिपचा अर्ज सर्व्हिस ऑन्टारिओ या प्रांतिक सरकारच्या सेवा केंद्रात करतात. तिथे तीन वेगवेगळी मूळ कागदपत्रं लागतात: इमिग्रेशनची स्थिती दाखवणारं एक, ऑन्टारिओतला पत्ता दाखवणारं एक आणि नाव व सही असलेलं ओळखपत्र एक. झेरॉक्स चालत नाही. ओळखीसाठी पासपोर्ट पुरतो. अडतं ते पत्त्यापाशी, कारण घराचा करार, वीज, गॅस सगळं आधीपासून राहणाऱ्या जोडीदाराच्या नावावर असतं. त्यावर उपाय म्हणजे बँकेत जाऊन खात्यावर आपलं नाव लावून घ्या आणि मासिक स्टेटमेंट टपालाने मागवा. एटीएमची पावती किंवा बँकेने दिलेलं साधं पत्र धरत नाहीत. पगाराची स्लिप किंवा भाडेकरारात जोडलेलं नाव हेही चालतं.

मराठी नावांची अडचण वेगळी सांगायला हवी. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, बँकेत फक्त नाव-आडनाव असतं, आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आयआरसीसीच्या पत्रावर माहेरचं नाव राहिलेलं असू शकतं. तिन्ही कागदांवरचं नाव पासपोर्टप्रमाणेच करून घ्या. जमलं नाही, तर विवाहाचा दाखला बरोबर ठेवा. तो मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही.

ओहिपच्या अर्जाच्या फॉर्मचा क्रमांक ०२६५-८२. तो घरीच भरून न्या. प्रत्येक केंद्रात आरोग्य कार्डाचं काम होत नाही, म्हणून आधी चौकशी करा. प्रौढ माणसाला स्वतः जावं लागतं, कारण तिथेच फोटो आणि सही घेतात. फी नसते. कार्ड साधारण चार ते सहा आठवड्यांत टपालाने येतं, तोवर काउंटरवर मिळालेला कागद जपून ठेवा. कार्ड मिळाल्यावरही कुठल्याही १२ महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहावं लागतं. नव्याने आलेल्यांना पहिल्या १८३ दिवसांपैकी १५३ दिवस इथे असावं लागतं, त्यामुळे आल्या आल्या दोन महिने पुण्याला जायचा बेत पुढे ढकला.

काउंटरवर नकार आला, तर कारण विचारा, कोणता कागद अपुरा पडला ते लिहून घ्या आणि प्रकरण प्रांताच्या आरोग्य मंत्रालयाकडे फेरतपासणीला पाठवायला सांगा. ओहिप प्रांताचं असल्याने इथे खासदाराचा उपयोग नाही. प्रांतिक आमदार, म्हणजे एमपीपी यांचं कार्यालय गाठा. लेखी नकारावर हेल्थ सर्व्हिसेस अपील अँड रिव्ह्यू बोर्डाकडे अपील करता येतं. त्याची मुदत कमी असते, म्हणून पत्र आलं त्याच दिवशी तारीख बघा.

मधल्या काळाची सोय आधीच करा. खासगी विमा देशात उतरण्याआधी घ्या, कारण उशिरा घेतलेल्या पॉलिसीत आजारपणासाठी प्रतीक्षाकाळ लावतात. मधुमेह, रक्तदाब आणि बाळंतपण यांबद्दलची कलमं शब्दन् शब्द वाचा. विमा नसलेल्यांसाठी करोनाकाळात सुरू झालेली प्रांतिक सोय ३१ मार्च २०२३ रोजी बंद झाली आहे. कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये ओहिप नसलेल्यांनाही तपासतात, पण जागा मोजक्या असतात, म्हणून आजारी पडण्याआधी नाव नोंदवा. गरोदर असाल तर मिडवाइफकडे, म्हणजे प्रशिक्षित सुईणीकडे, लवकर जा. ऑन्टारिओत राहणाऱ्या बाईला ओहिप नसलं तरी मिडवाइफची सेवा मोफत मिळते, रुग्णालयाचा खर्च मात्र वेगळा. ओहिप असेल तर ॲम्ब्युलन्सचे साधारणपणे ४५ डॉलर पडतात, नसेल तर २४०. जीवावर बेतलं असेल तर या हिशेबात न अडकता ९११ लावा.

सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना दीर्घकाळ राहू देणाऱ्या व्हिसावर, आलेल्या आईवडिलांना ओहिप नाही. त्यांच्यासाठी किमान एक लाख डॉलरचा विमा व्हिसाच्या अटीतच असतो, तो खंडित होऊ देऊ नका.

वर्क परमिटवर मिळालेल्या कार्डाची मुदत परमिटबरोबर संपते. मुदतवाढीचा अर्ज परमिट संपण्याआधी करा आणि निर्णय होईपर्यंत काम करता येईल असं सांगणारं आयआरसीसीचं पत्र, मालकाच्या ताज्या पत्रासह, कार्ड संपण्याआधीच काउंटरवर घेऊन जा.